दोन बोर्डांमागचं भोक

थोरलीच्या घरातला फ्यूजचा बोर्ड हा त्या गल्लीतला सगळ्यात स्वच्छ बोर्ड होता. इतरांच्या बोर्डांवर कोळी संसार थाटतात, पाली बाळंतपणं उरकतात, आणि फ्यूज उडाल्याखेरीज घरातलं कुणी तिकडं ढुंकूनही बघत नाही. थोरली मात्र रोज दुपारी जेवण आटोपलं की फडकं घेऊन बोर्डासमोर उभी राहायची. लाकडी फळी, तिच्यावर ओळीनं बसवलेले चिनीमातीचे पांढरे फ्यूज, पितळी स्क्रूंची डोकी, सगळं पुसायची. एकेक फ्यूज पुसायला तिला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात दुसऱ्या बाईनं अख्खं घर धुऊन काढून वर एक झोप काढली असती. कुणी विचारलंच तर म्हणायची, "विजेच्या बाबतीत हयगय नको बाई."

खरं कारण बोर्डाच्या मागं होतं. तिथं भिंतीला एक भोक होतं, आणि भोकाच्या पलीकडं धाकटी होती.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा घर एक होतं, चूल एक होती आणि बोर्डही एकच होता. सासऱ्यांनी तो मधल्या जाड भिंतीवर बसवून घेतला आणि पलीकडच्या खोल्यांकडं तारा न्यायला भिंतीला आरपार भोक पाडलं. सासऱ्यांना लहान काही करता येत नसे. दोन बोटांएवढं पुरलं असतं तिथं त्यांनी मूठ जाईल एवढं पाडलं. पुढं तारा वाढल्या तर पुन्हा गवंड्याच्या पाया कोण पडणार, असा त्यांचा हिशेब. तारा होत्या तेवढ्याच राहिल्या. माणसं वाढली, आणि त्यांच्यामागोमाग भांडणं.

शेवटचं भांडण सासूबाईंच्या शिवणयंत्रावरून झालं. सासूबाई गेल्यावर यंत्र दोघींनाही हवं होतं. दोघे भाऊ एका खोलीत दार लावून बसले, बराच वेळ कुजबुजले, आणि बाहेर येऊन त्यांनी निकाल दिला: वरचं यंत्र थोरलीला, खालचं पायानं चालवायचं चाक धाकटीला. न्याय इतका चोख झाला की त्यानंतर त्या घरात कुणालाच शिवता आलं नाही. त्याच महिन्यात घराची वाटणी झाली. मधल्या भिंतीतलं दार गवंड्यानं विटा लावून बंद केलं. भोक मात्र त्यानं तसंच सोडलं, कारण त्यातून तारा जात होत्या आणि तारा हे वायरमनचं खातं. वायरमननं भोकाच्या पलीकडच्या तोंडावर धाकटीसाठी दुसरा लाकडी बोर्ड ठोकला आणि जुन्याच तारा कापून दोन्हीकडं जोडल्या. म्हणजे दोन बोर्ड पाठीला पाठ लावून उभे राहिले, आणि मधे सासऱ्यांचं ते ऐसपैस भोक.

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. रस्त्यात समोरून धाकटी आली की थोरली आभाळाकडं बघायची, आणि थोरली दिसली की धाकटीच्या चपलेत खडा जायचा. भाऊ मात्र कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात रोज भेटायचे आणि ते आपापल्या बायकांना कळू न देण्यात एकमेकांना मदत करायचे.

पण बोलणं बंद झालं तरी ऐकणं चालूच होतं. इकडं थोरली नवऱ्याला काही म्हणाली की भोकातून ते तिकडं पोचायचं, आणि तिकडून धाकटी भांडी आपटून उत्तर द्यायची. अबोल्यातल्या या भांडणांनी दोन्ही भावांना जेवण गोड लागेना. शेवटी एका रविवारी, दोघी बाजारात गेलेल्या बघून, त्यांनी दोन्हीकडची वीज बंद केली, एक जुनी उशी फाडली आणि तिच्यातला कापूस आपापल्या बाजूनं काठीनं भोकात ठासून भरला. घरात शांतता झाली. दोघांनाही त्या कामाचा मरेपर्यंत अभिमान होता.

मरेपर्यंत म्हणजे तसे दोघेही लवकरच गेले. आधी थोरलीचा नवरा, मग दोन-तीन वर्षांत दीर. मुलं तोवर नोकऱ्यांपायी दूर पांगली होती. थोरलीच्या घरात शांतता इतकी झाली की घड्याळ टिकटिकताना दचकायला व्हायचं. अशाच एका दुपारी ती विणत बसली होती. विणता विणता उठली, बोर्डाच्या कडेला फळी आणि भिंत यांच्यामधे जी फट होती तिच्यात विणायची लांब सुई घातली, आणि टोकाला कापसाचं एक बोंड अडकवून बाहेर ओढलं. सहज. दुसऱ्या दिवशी आणखी एक. भोकातल्या तारा जिवंत होत्या आणि सुई धातूची होती. ती वाचली यात विजेचं सौजन्य होतं, तिची अक्कल नव्हे. सुई जिथपर्यंत पोचत होती तिथपर्यंतचा कापूस निघाला, आणि मग एके दिवशी पलीकडून धाकटीचं खोकणं स्वच्छ ऐकू आलं.

सुई भिंतीच्या निम्म्यापर्यंतच जाते हे थोरलीला ठाऊक होतं. मग पलीकडच्या निम्म्याचं काय? तिनं मनाशी उत्तर काढलं की दीर जन्माचा आळशी, त्यानं आपल्या बाजूनं नुसता दाखवण्यापुरता कापूस कोंबला असणार. मेलेल्या माणसाला आळशी म्हटल्याचं तिला थोडं वाईट वाटलं, पण कामाला आलेल्या आळसाबद्दल किती वाईट वाटून घेणार?

तेव्हापासून तिची दुपार भरली. धाकटी स्वतःशी बोलते, रेडिओला उलट उत्तरं देते, पेपरातल्या निधनाच्या बातम्या मोठ्यानं वाचते आणि प्रत्येकापुढं "बरं झालं" किंवा "अरेरे" असा शेरा मारते, हे सगळं थोरलीला फडकं फिरवता फिरवता कळायचं. गेल्या थंडीत धाकटीचा खोकला उतरेना तेव्हा थोरलीनं दूधवाल्याला सांगितलं, "त्या पलीकडच्या घरी डॉक्टरला घेऊन जा. मी सांगितलं म्हणून सांगशील तर उद्यापासून दूध बंद." आपल्याकडची चांगली बातमीही ती बोर्डापाशी जाऊनच बोलायची. रविवारी मुलाचा फोन आला की तारेला ताण बसेपर्यंत फोन ओढून बोर्डाजवळ आणायचा आणि खदखदून हसायचं. एखाद्या रविवारी फोन यायचा नाही. त्या रविवारी ती जरा जास्तच हसायची.

असं सगळं सुरळीत चाललं असताना बोर्डाला वास यायला लागला.

आधी तिला वाटलं धाकटीचं दूध उतू गेलं. मग फळीला हात लावला तर ती कोमट लागली. हे तिनं मुलाला सांगायला नको होतं, पण फोनवर बोलण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून बोलून गेली. मुलानं तिथूनच वायरमन ठरवला आणि वर बजावलं, "आई, तो म्हणेल तसं करू दे. मधे मधे बोलू नकोस."

वायरमन आला. चांगला पोक्त, पोट सुटलेला आणि आवाजाला धरबंध नसलेला माणूस होता. त्यानं बोर्डासमोर उभं राहून डॉक्टरांसारखा जिभेचा चुकचुक आवाज केला आणि जगातला प्रत्येक वायरमन जो पहिला प्रश्न विचारतो तो विचारला.

"कुणी बसवलाय हा?"

"सासऱ्यांनी."

वायरमन हसला. या प्रश्नाचं काहीही उत्तर दिलं तरी ते हसतात.

"चाललाय की अजून," थोरली म्हणाली.

"काकू, तो विजेवर चालत नाहीये. नशिबावर चाललाय." त्यानं सोबत आणलेली करड्या रंगाची लोखंडी पेटी टेबलावर ठेवली आणि नव्या नवरीची ओळख करून द्यावी तशी ती उघडून दाखवली. "लाकूड म्हणजे आगीचा खाऊ. आता ही बसवायची. आत ठिणगी पडली तरी आतल्या आत मरेल. पण मागचं ते भोक बुजवायला लागेल."

थोरली पेटी आणि बोर्ड यांच्यामधे येऊन उभी राहिली.

"ते राहू द्या की. इतकी वर्षं आहे."

"राहू देऊन कसं चालेल? पेटीला मागं भसकन् भोक ठेवायचं, त्यातून तारांचा जुडगा घुसवायचा आणि वर म्हणायचं पेटी लोखंडी आहे. जाळ येईल की त्यातनं पलीकडं! भोक कसलं, धुराडंच ते. प्रत्येक तारेला तिच्या तिच्या मापाची वाट पाहिजे. वाटेला घट्ट ग्लँड, म्हणजे हे असं बूच. पत्र्याची धार तारेला लागू नये म्हणून कडेनं रबर. आणि भिंतीतल्या भोकात हा लेप." त्यानं पिशवीतून एक जाड नळी काढली. "हा तापला की फुगतो. आग लागली की फुगून सगळी वाट बंद करतो."

"तापलं की फुगणारी माणसं आमच्या घरात पुष्कळ होऊन गेली," थोरली म्हणाली. "त्यांनी कधी काही बंद केलं नाही."

वायरमननं इकडचा मेन बंद केला आणि तो स्क्रू काढायला लागला. थोरली त्याच्यामागं घुटमळत राहिली.

"थोडीशी फट ठेवली तर?"

"कशाला?"

"हवेला."

"हवा आगीला लागते काकू. तारेला नाही लागत."

"अगदी बारीक. सुई जाईल एवढी."

वायरमननं स्क्रू काढणं थांबवून तिच्याकडं नीट बघितलं. "सुई कशाला घालायचीय तुम्हाला आत?"

थोरलीनं चहा टाकते म्हणून सांगितलं आणि स्वयंपाकघरात गेली. चहा उकळेपर्यंत तिनं विचार केला. भोक बुजलं की धाकटीचं खोकणं बंद, रेडिओ बंद, शेरे बंद. ते एकवेळ सोसता आलं असतं. पण उद्या ती तिकडं न्हाणीघरात पडली, उठता येईना, तर हाक कुणाला ऐकू जाणार? आणि मागं एकदा घसरलो तसं आपण इकडं पुन्हा पडलो तर? तर कुणालाच नाही, असं तिचं ठाम मत होतं, कारण ऐकणारी एकटी आपणच अशी तिची समजूत होती.

ती चहा घेऊन आली तेव्हा वायरमननं चिनीमातीचे फ्यूज काढून टेबलावर ओळीनं मांडले होते. एकावर काळा डाग होता. थोरलीनं तो हातात घेतला. हा स्वयंपाकघराचा. हा उडायचा तेव्हा अर्धं घर काळोखात जायचं, आणि तो बहुतेक वेळा आपोआप उडायचा नाही. सासरे रोज दिवेलागणीला सगळ्यांना समोर बसवून माणसानं कसं वागावं यावर बोलत. विषय मोठा होता, आणि त्यांचा दम त्याहून मोठा. ते संयमापर्यंत आले की थोरली धाकटीकडं बघायची. धाकटी पाणी बघते म्हणून उठायची आणि जाऊन शेगडीचं बटण दाबायची. मग थोरलीला आठवायचं की इस्त्री राहिलीय. एका फ्यूजवर दोन्ही आल्या की फट्. काळोख. सासरे तसेच थोडा वेळ बोलत राहायचे, दोघे भाऊ बॅटरी शोधत एकमेकांवर आदळायचे, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोघी जावा तोंडात रुमाल कोंबून हसत बसायच्या. हसू फुटू नये म्हणून धाकटी तिचा दंड इतका घट्ट धरायची की सकाळी तिथं बोटं उठलेली असायची. सासऱ्यांनी तीन वायरमन बदलले. दोष कुणालाच सापडला नाही.

फळी भिंतीवरून सुटली. तिची पाठ वरच्या बाजूला कोळसा झाली होती. वायरमननं बॅटरी भोकात मारली आणि स्वतः डोकावला. भोकाच्या पलीकडं धाकटीच्या बोर्डाची मागची बाजू होती, आणि तिच्या कडेनं उजेडाची रेघ. तिकडं अगदी सामसूम होती. इतकी सामसूम की तिथं कुणीतरी श्वास धरून बसलंय हे थोरलीनं तत्काळ ओळखलं. या विषयात तिचा अभ्यास दांडगा होता.

"काकू, इथं कापूस भरला होता का कधी?" वायरमननं मोठ्यानं विचारलं. हळू विचारणं त्याला येत नव्हतं.

"असेल बाई. मला काय ठाऊक."

"सिमेंटला तंतू चिकटलेत. अगदी पलीकडपर्यंत ठासून भरलेला होता. काढला कुणी?"

"उंदरांनी काढला असेल."

वायरमननं हात लांब घालून पकडीनं भोकाच्या पलीकडच्या टोकातून काहीतरी ओढलं. विटेच्या फटीत रुतून मोडलेलं, पुढं आकडा असलेलं एक बारीक टोक होतं. त्यानं ते तळहातावर ठेवलं.

"उंदीर हुशार दिसतोय. क्रोशाची सुई घेऊन आला होता."

थोरलीनं ते टोक उचलून मुठीत घेतलं. तिच्या घरात क्रोशाला थारा नव्हता. ती दोन सुयांवर विणणारी, आणि क्रोशा ही लग्नाआधीपासून धाकटीची मिरास. दीर आळशी नव्हता. त्यानं चांगला ठासून भरला होता. आपल्या बाजूचा निम्मा आपण काढला, आणि पलीकडचा निम्मा पलीकडून कुणीतरी काढला. तेही विजेच्या तारांमधे सुई घालून.

"उंदराचे पाय धरा काकू," वायरमन सांगत होता. "ही तार बघा. जोड ढिला होऊन तापत होती, वरचं रबर गळून पडलंय. इथं कापूस असता ना, तर मागच्या आठवड्यातच पेटला असता आणि दोन्ही घरं एकदम गेली असती. असला शहाणपणा केला कुणी, कापूस भरायचा?"

"दोन शहाणे होते," थोरली म्हणाली. "शांतता पाहिजे होती त्यांना."

"मिळाली का?"

"मिळाली. दोघांनाही."

वायरमननं चहा संपवला. आता खरी अडचण होती, म्हणाला. भोकातल्या काही तारा मेलेल्या होत्या, काही जिवंत; कुठली कुणाची हे पलीकडचा बोर्ड उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि लेप दोन्ही तोंडांनी भरायला हवा, एका बाजूनं भरून भागत नाही.

"त्या बाजूला कोण राहतं?"

"आहे एक बाई."

"ओळखीची?"

थोरलीनं त्याची रिकामी कपबशी उचलली.

"मी जाऊन सांगू का त्यांना मेन बंद करायला?"

"नको," थोरली म्हणाली. "मी जाते."

एवढ्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य परक्या माणसाच्या तोंडून जावं, आणि तेही 'मेन बंद करा' हे, ते तिला पटलं नाही. चपला घालता घालता तिनं दोन-तीन वाक्यं जुळवली. 'माझ्या मनात नव्हतं यायचं, पण विजेचा प्रश्न आहे.' हे बरं होतं. यात नमतं घेतल्यासारखं वाटत नव्हतं. तिनं धाकटीच्या दारावर थाप मारायला हात उचलला आणि दार उघडलं.

"या वहिनी. मेन बंद केलाय."

थोरलीची जुळवलेली वाक्यं हवेतच राहिली. तिनं धाकटीकडं बघितलं. कान रोज भरत होते, पण डोळे इतकी वर्षं आभाळात. आवाजावरून तिनं डोळ्यांपुढं जी धाकटी धरली होती तिचे केस काळे होते आणि पाठ ताठ होती. ही कोण म्हातारी दारात उभी होती कुणास ठाऊक. धाकटीही तिच्याकडं तशीच बघत होती.

"तुला कुणी सांगितलं मेन बंद करायला?"

"तुमचा वायरमन बोलतो तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात चहा नासतो. 'आहे एक बाई' म्हणालात, तेही ऐकलं. आत या."

आत धाकटीचा बोर्ड होता. तोही लख्ख पुसलेला. आणि बोर्डाच्या पुढ्यात, हाताशी तिपाई असलेली, पाठीला उशी लावलेली, एक ऐसपैस आरामखुर्ची होती.

"ही खुर्ची इथं कशाला?"

"मग काय उभी राहू? गुडघे आहेत का माझे?"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण इतकी वर्षं उभ्यानं, हातात फडकं घेऊन, पोटऱ्या दुखेपर्यंत ऐकत आलो आणि ही बया खुर्चीत रेलून. चोरून ऐकायचं त्याला काही रीत आहे की नाही? तिनं मूठ उघडून क्रोशाचं टोक पुढं केलं.

"तुझंच ना?"

"माझंच. किती शोधलं मेलं."

"कापूस तू काढलास."

"निम्मा," धाकटी म्हणाली. "उरलेला कुणी काढला ते तुम्ही सांगा."

थोरलीनं छताकडं बघितलं. सवय होती.

"मुलगा बरा आहे ना?" धाकटीनं विचारलं. "परवा रविवारी फोनवर फार हसत होतात."

परवा रविवारी फोन आला नव्हता. "बरा आहे," थोरली म्हणाली. "तुझी मुलगी? तिचाही येतो ना, बुधवारी. तूही काही कमी हसत नाहीस."

"बरी आहे," धाकटी म्हणाली आणि तिपाईवरचं भांडं उगाच इकडचं तिकडं केलं. दोघींनी तो विषय तिथंच ठेवला.

"डॉक्टर तुम्हीच पाठवला होता."

"दूधवाला बोलला?"

"नाही बोलला. पण या गल्लीत माझ्या खोकल्याची कुणाला पडलीय दुसरी?" धाकटी खुर्चीच्या हातावर टेकली. "तुम्ही न्हाणीघरात घसरलात तेव्हा तोच येऊन दार ठोकत होता ना?"

थोरलीला तो दिवस आठवला. भर दुपारी दूधवाला आला होता, दुधाशिवाय, आणि दार फोडायच्या बेतात होता. वेळेवर देव धावला असं ती सगळ्यांना सांगत आली होती. देवाला कुणी धाडलं हे तिनं विचारलं नव्हतं.

"काकू!" भिंतीतून वायरमनचा आवाज आला. "गप्पा सावकाश मारा, पण आधी मला तिकडं घ्या. आणि एकजण इकडं बॅटरी धरायला या."

मग वायरमन तिकडं गेला, धाकटीचा बोर्ड उतरवला, आणि थोरली आपल्या घरात बॅटरी धरून उभी राहिली. दोन्ही फळ्या निघाल्यावर भोक आरपार मोकळं झालं. वायरमन एकेक तार हलवायचा आणि ओरडायचा, "कुठली हलली?" थोरली सांगायची, "लाल." मेलेल्या तारा ओढून काढल्या. जिवंत होत्या त्यांना नव्या पेटीच्या मापाच्या वाटा मिळाल्या, बुचं बसली, रबरं बसली. वायरमननं प्रत्येक बुचाशेजारी करंगळीचं नख घालून बघितलं आणि ते जात नाही म्हटल्यावर स्वतःवर खूष होऊन शीळ घातली. धाकटीसाठीही तसलीच पेटी उद्या आणतो म्हणाला. तोवर तिच्याकडची वीज बंद, पण भोक आजच बुजवून टाकू. मग तो नळी घेऊन थोरलीच्या बाजूला आला आणि काठाकाठानं लेप भरायला लागला.

भोक लहान लहान होत गेलं. आधी पलीकडं धाकटीचा अख्खा चेहरा दिसत होता. मग चष्मा. मग चष्म्याची एक काच.

"आता बोलायचं काही राहिलं असेल तर बोलून घ्या," वायरमन म्हणाला. "हा सुकला की तिकडं कुणी ढोल वाजवला तरी कळायचं नाही."

वायरमन नळीचं टोक पुसायला वळला, तशी थोरली भोकाशी वाकली.

"अगं, पडलीस बिडलीस तर मला कळणार कसं?"

काचेमागचा डोळा मिटला आणि उघडला.

"पडायच्या आधी सांगायला येईन," धाकटी म्हणाली. "संध्याकाळी दार उघडं ठेवा."

"उघडंच असतं."

"खोटं बोलू नका वहिनी. उजेड असतानाच कडी लावता. रोज ऐकते मी."

वायरमननं नळी पुन्हा लावली, दाबली, बोटानं लेप सारखा केला, आणि पलीकडं जाऊन त्या बाजूनंही भरला. मग लोखंडी पेटी भिंतीवर चढवली, दिवा लावून दाखवला, आणि जुन्या फळ्यांची मोळी काखेत मारून निघून गेला.

थोरलीनं दाराची कडी काढली, दार भिंतीला टेकवून उघडं ठेवलं आणि समोर बसून राहिली. घरात काही ऐकू येत नव्हतं. एरवी धाकटी कुठं जायला निघाली की आधी चष्म्याची डबी वाजायची, मग किल्ल्या, मग चपला ओढल्याचा आवाज, आणि ती दारात पोचायच्या आत थोरलीला सगळं कळलेलं असायचं. आज काहीच कळेना. निघाली असेल? केस विंचरत असेल? की बोलून पस्तावली? कुणाची अशी, काहीही ऐकू न येता, वाट बघायची वेळ तिच्यावर लग्नानंतर आली नव्हती. ती दोनदा उठून दारापर्यंत गेली आणि आपण मुद्दाम आलो असं वाटू नये म्हणून उंबऱ्यावरची धूळ पायानं बाजूला सारून परत आली.

उन्हं उतरली. समोरच्या घरात दिवा लागला. धाकटी आली नाही.

मग थोरलीचं डोकं तापलं. मला दार उघडं टाकून बसायला सांगायचं आणि स्वतः खुर्चीत रेलायचं. मुळात ती तशीच. पायानं चालवायचं चाक घेतलं तेव्हाच कळायला हवं होतं. तिनं चपला घातल्या आणि दोन गोष्टी तोंडावर सुनवायला तरातरा बाहेर पडली. बाहेर पडली आणि दोन्ही दारांच्या मधे, अगदी बुजवलेल्या भिंतीच्या रेषेवर, धाकटीवर आदळता आदळता राहिली. धाकटीच्याही पायात चपला होत्या आणि तिचाही चेहरा लाल झाला होता.

"ही काय रीत झाली वहिनी? मी तिकडं काळोखात दार उघडं टाकून बसलेय, एक माणूस यायचा पत्ता नाही."

"तू दार उघडं ठेवून बसलीस? दार उघडं ठेवायला मला सांगितलंस ना?"

"तुम्ही ठेवलं तर मी ठेवू नये? मोठ्या तुम्ही. आधी कुणी यायचं?"

"ज्यानं बोलावलं त्यानं यायचं. येईन म्हणालीस."

"पडायच्या आधी म्हणाले होते. आज कुठं पडले मी?"

भोकातून भांडताना निम्मं ऐकू यायचं नाही, निम्मं गिळावं लागायचं. इथं सगळं मोकळं होतं. दोघींचे आवाज लागले. कोपऱ्यावरच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं चहा हातात घेऊन बाहेर आली, समोरच्या घरातली खिडकी उघडली, आणि सायकलवरून चाललेला दूधवाला एक पाय जमिनीवर टेकवून थांबला. दोघींना एकत्र बघून त्याच्या चेहऱ्यावर नोकरीतून सुटका झालेल्या माणसाचा भाव आला. बोलता बोलता धाकटीला खोकला आला. थोरलीनं तिचा दंड धरला, पाठीवरून हात फिरवला, आणि खोकला थांबेपर्यंत भांडण तहकूब ठेवलं.

"चल, आत चल," ती म्हणाली. "लोक बघताहेत."

"कुणाच्या घरात?" धाकटीनं विचारलं.

हा मुद्दा नवा होता, आणि त्यावर बराच वेळ भांडता येण्यासारखं होतं.